मागाल तेव्हा रजा

वॉर्डात सहा नर्सचं काम आम्ही दोघी ओढत होतो. आई गावी अंथरुणाला खिळलेली. धाकटी बहीणही नर्सच; तिथल्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून एकटीच आईचं सगळं करायची.

"नव्या चौघी आल्याशिवाय रजेचं नावही काढू नका," मेट्रन म्हणाल्या. "छानसा व्हिडिओ टाका, बघून येतील पोरी."

रडून सुजलेल्या डोळ्यांवर पाणी मारलं आणि मोबाइलसमोर हसत म्हणाले, "आमच्याकडे रजा मागाल तेव्हा मिळते!"

महिनाभरात एकच नवी नर्स आली. माझी धाकटी.



"तिथली नोकरी सोडूनच आले, ताई. आईला दोन दिवस काकूंकडे ठेवलंय. आधी रजा तू घेतेस की मी?"