वाऱ्याचं नाव

"मल्हार सुटलाय, घरला जा!" बांधावरच्या कृष्णातवर हरिबा अंगणातनंच ओरडला. "सरडं चपला घालून फिराय लागलं, आन् तू अनवाणी व्हय रं?"

कृष्णात हसत निघाला. विश्रामबागेतल्या कॉलेजातून शब्द गोळा करायला आलेली सृष्टी लिंबाखाली वही उघडून बसली होती.

"आजोबा, राजस्थानात या वाऱ्याला लू म्हणतात. तुमच्या वाडीत मल्हार कुठून आलं?"

"वाऱ्यानं ज्याला शेवटचं न्हेलं, त्याचं नाव वाऱ्याला. आदी अंबूबाई हुती. बावीस वर्सं वाहिली. मेल्यावर बी बाई गप बसंना! मग केरबा. दोन उन्हाळ्यांत आटपला. जित्तेपणी तरी कुठल्या कामाला टिकला हुता?"

सृष्टी हसत लिहीत होती. "आणि मल्हार?"

"आमचा ल्योक," दारातून सुलाबाई म्हणाली.



मल्हार मेंढरांमागं गेला आणि परतला नाही, त्याला अकरा उन्हाळे झाले. मागं बायको नाही, पोर नाही. मेंढरंही विकली. उरलं एवढं नाव, तेही लोक घाम पुसत, शिव्या घालत घेत. पण घेत. तेव्हापासून हरिबा दर उन्हाळ्यात ताकाची किटली घेऊन भर दुपारी शिवार पालथं घालायचा. दिसेल त्याला पाजायचा आणि घरी हाकलायचा. अकरा वर्षांत वाडीत उन्हानं एक माणूस मेलं नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणत. सुलाबाई तेवढी ओळखून होती. दुसरं कुणी मेलं, की तिच्या लेकाचं नाव पुसलं जाणार होतं.

किटली उचलून हरिबा उठला. चार पावलं गेला आणि कोसळला. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. वाडीत रेंज नव्हती. गाडी बोलवायला सृष्टी सडकेकडं पळाली.

सुलाबाई ओला पदर त्याच्या छातीवर ठेवत राहिली. पदर वाळत राहिला.

हरिबानं तिचं मनगट धरलं. "सुले, लोकांस्नी सांग... साप चावला."

"गप ऱ्हावा. गाडी येतीया."

गाडीच्या आधी त्याचा श्वास थांबला. सडकेवर धुरळा दिसू लागला. सुलाबाईनं रडायच्या आधी कुंपणातला बाभळीचा काटा मोडला, आणि त्याच्या पोटरीवर शेजारी शेजारी दोन भोकं पाडली.