देवळीतलं पुस्तक

नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन परतताच कौसल्येच्या नवऱ्यानं देवळीतले टाक, तसबिरी पूस नदीत सोडायला टोपल्यात भरल्या. शेवटी बायबल निघालं. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला त्यावरच वाचायला शिकवलं होतं. रोज पानभर वाचून ती ते देवांतच ठेवायची, त्यांच्यासारखंच कुंकू लावून. “हा देव हाय का पुस्तक?” त्यानं विचारलं. “देव असन तर टोपल्यात टाक. पुस्तक असन तर राहू दे, आता आपल्याले शिकाच लागन.” कौसल्येनं बोटानं कुंकू पुसलं. “पुस्तकच हाय.” तो नदीवर गेल्यावर तिनं कालच्या खुणेवर पान उघडलं. येशूला धरून नेलं होतं. शेकोटीपाशी बसलेल्या त्याच्या चेल्याला दासीनं विचारलं, तू त्याचाच ना? चेला म्हणाला, मी ओळखतही नाही त्याला. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. उचललं तेव्हा तिथं कुंकू होतं.