मधला चौकोन
लेकीने बाबांचा टॅबलेट केबल लावून कॉम्प्युटरला जोडला. लकव्याने वाचा गेल्यापासून बाबा तिनेच बनवलेल्या अ‍ॅपमधून बोलत. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द बोलायचा. महिनाभर मात्र बाबा दिवसदिवस बोट आपटत होते आणि टॅबलेट ढिम्म. "माझ्याच कोडमध्ये गडबड असणार. नेहमीसारखं दाबा बघू, बाबा." बाबांनी दाबलं. कॉम्प्युटरवर ओळ उमटली: स्पर्श मिळाला, बटण नाही. तिने मागच्या नोंदी उघडल्या. शेकडो ओळी, सगळ्या एकाच जागेच्या: पहिली रांग, पाण्याच्या आणि औषधाच्या चित्रांमधला रिकामा चौकोन. महिन्यापूर्वी आई गेली तेव्हा बाबांना त्रास नको म्हणून तिथला आईचा फोटो तिनेच काढून टाकला होता. "बाबा, आई आता..." बाबांनी ठाऊक आहे अशी मान डोलावली. मग समजावून सांगावं तसं सावकाश पुन्हा तिथेच बोट टेकवलं.