कोरं लायसन्स

काट्याने ऐंशी ओलांडली तशी काकूंनी मांडीवरची उशी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अहो, पन्नासची पाटी गेली आत्ता."

"पाटी लावणाऱ्याला लेकीकडे वेळेवर पोचायचं नसेल," काका म्हणाले.

आज पोचायचं होतं खरं. नात पहिल्यांदाच आईबापांशिवाय त्यांच्याकडे राहायला येणार होती, आणि यापुढे दर शनिवारी. जावई सहजासहजी तयार झाला नव्हता. सासऱ्याच्या गाडीत तो एकदाच बसला होता, तेवढं त्याला पुरलं होतं. शेवटी काकांनी लायसन्स काढून त्याच्यापुढे टाकलं. यावर दंडाचा एक जरी पॉइंट निघाला तरी पोरीला माझ्या गाडीत बसवू नकोस, म्हणाले. जावई वरमला. तुमचा शब्द पुरे, म्हणाला. काकू तेव्हा शेजारीच बसून वाटाणे सोलत होत्या.

काकांच्या मते ते काही खोटं बोलले नव्हते. गाडी कॅमेऱ्यात सापडली की घरी फॉर्म येई, गाडी कोण चालवत होतं ते मालकाने लिहून द्यायचं. ज्याचं नाव, त्याला पॉइंट. बारा भरले की लायसन्स रद्द. पहिला फॉर्म आला तेव्हाच काका म्हणाले होते, तुझं नाव घाल, तुझं लायसन्स कपाटात नुसतं लोळतंय. काकूंनी बरं म्हटलं. विजेचं बिल, विमा, कर, जे काही पोस्टाने येईल ते काकूंनी बघायचं आणि चाक काकांनी धरायचं, अशी त्यांच्या संसाराची जुनी वाटणी. काकू फॉर्म भरत, फुली मारून पुढे सरकवत, आणि काका पेपरातून मान वर न करता फुलीपाशी सही ठोकत.

लायसन्स दोघांनी एकाच महिन्यात काढलं होतं. काकू पहिल्या खेपेला पास झाल्या, काका दुसऱ्या. हा विषय घरात निघत नसे.

"तुझे पॉइंट आता भरत आले असतील, नाही?" काकांनी विचारलं.

"बारा कधीच झाले."

"होऊ देत. तुला कुठे गाडी हाणायचीय?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. लग्नानंतर जुन्या निळ्या गाडीत त्या याच वेगाला खदाखदा हसायच्या. तेव्हा ना सीटबेल्ट, ना कॅमेरे. काका गावोगाव साबण विकत फिरायचे, आणि सुट्टी असली की काकू सोबत निघायच्या, हात खिडकीबाहेर काढून वारा मुठीत धरायच्या. तो हात आत कधी आला, ते काकांना आठवत नव्हतं.

आज तर त्यांचं सगळंच तऱ्हेवाईक चाललं होतं. पायात नाडीचे बूट. कुठे डोंगर चढायचाय का, असं काकांनी विचारलं, तर म्हणाल्या, चपलेचा अंगठा ढिला झालाय. उशी कमरेसाठी घेतली म्हणाल्या, आणि ती अजून मांडीवरच होती. वर हट्ट धरला की कालव्याच्या रस्त्यानेच जायचं. काकांनी तो आनंदाने पुरवला. हा रस्ता मोकळा आणि सरळसोट.

एक वळण तेवढं होतं. त्या वळणावर सायकलवाला अचानक समोर आला. काकांनी हॉर्न दाबला, चाक हिसडलं, गाडी त्याला घासता घासता राहिली. आरशात तो एक पाय जमिनीला टेकून उभा दिसला, लहान लहान होत गेलेला.



"येताना मागे पोर असेल," काकू म्हणाल्या.

"तेव्हा हळू चालवीन की."

"आपल्या लेकीच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

काकांनी पाय आणखी दाबला.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. वाहतूक पोलीस बाईंनी हात केला. काकांनी ब्रेक दाबला. समोर अडवलं म्हणजे बायकोचं नाव चालायचं नाही, हे खरं. पण कोऱ्या लायसन्सवर पहिली चूक, पिकले केस, नातीला आणायची घाई. आयुष्यभर दुकानदारांना गुंडाळलेल्या माणसाला एवढं पुष्कळ होतं. त्यांनी काच खाली केली आणि लायसन्स पुढे केलं.

बाईंनी हातातल्या यंत्रात नंबर घातला. यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा नंबर घातला.

"काका, हे तुमचंच ना?"

"माझंच. बघा की, एक डाग सापडायचा नाही."

"हे गेल्या महिन्यात रद्द झालंय. बारा पॉइंट. दर वेळी गाडी मीच चालवत होतो, असं तुमच्याच सहीने लिहून दिलंय तुम्ही."

काकांनी वळून पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. काकू गाडीला वळसा घालून केव्हाच अलीकडे आल्या होत्या, लांबचा चष्मा लावून. पर्समधून आपलं लायसन्स काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं. बाईंनी नंबर घातला, मान डोलावली, आणि ते परत केलं.

काकूंनी काकांच्या बाजूचं दार उघडलं, उशी पुढे धरली आणि म्हणाल्या, "सरका."