सकाळी नऊचा फोन

फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाडीच्या, काठावरची बाकीची सहा घरं आता फक्त उन्हाळ्यात उघडत. बारा महिने राहणारा आस्मुंड एकटाच. रोज सकाळी नऊला तो राजधानीत, रेक्याविकला, हवामान खात्यात फोन लावायचा आणि हाल्वेगबाई त्याची खबर उतरवून घ्यायच्या.

"वारा ईशान्येचा, बोचरा. बर्फ गुडघाभर."

"लिहिलं. कानटोपी घालत जा, आस्मुंड."

एकवीस वर्षं एवढंच बोलणं. बहुतेक दिवशी त्याच्या तोंडून निघणारे शब्दही तेवढेच.

मार्चमध्ये खात्याचा माणूस अंगणातली तापमापकाची पेटी काढायला आला.

"मग माझी रोजची खबर?" आस्मुंडने विचारलं.

"कसली खबर, आजोबा? तीन वर्षं झाली, सगळं यंत्रच कळवतं. हाल्वेगबाईही तेव्हाच निवृत्त झाल्या."

आस्मुंडने बाईंनी मध्यंतरी दिलेला नवा नंबर पुढे केला. तो माणूस हसला.

"हा तर त्यांच्या घरचा! नवरा गेल्यापासून एकट्याच असतात."

तीन वर्षं आपण खुळ्यासारखे भिंतीशी बोलत होतो, असं वाटून आस्मुंडला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, तरी त्याने फोनला हात लावला नाही.

सव्वानऊला फोनच वाजला.

"आस्मुंड? बरे आहात ना?" बाईंचा आवाज कापत होता.

त्याने खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

 

मग म्हणाला, "मी बरा आहे. तुझ्याकडे कशी आहे गं आज हवा?"