उजवी बाजू

संगणक सुरू झाला आणि अण्णांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच खुर्चीत बसलो. स्क्रीनवरचा नेहमीचा पसारा, अर्धवट नकाशे, जुन्या फायली, नातीचा दात पडलेला फोटो, सगळं गायब. मागे शांत निळसर करडा रंग. डाव्या कडेला मोजकेच आयकॉन, मोठे, नीट अंतर सोडून मांडलेले. मान वळवून पाहिलं, उजवीकडे काहीच नव्हतं. दिसायला देखणं होतं, आणि तेच त्यांना खटकलं. फुकटात एवढी मेहनत कोण घेतं?

कुठेतरी पाणी मुरत होतं. घरांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला येऊन महिनाही झाला नव्हता. साहेबांनी तिला त्यांच्या हाताखाली दिलं, तेव्हाच अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. काम शिकून घ्यायचं आणि शिकवणाऱ्यालाच घरी बसवायचं, असले प्रकार त्यांनी पाहिले होते.

"माझ्या मशीनला हात कोणी लावला?"

"मीच, अण्णा. काल तुम्ही गेल्यावर." ती उठून जवळ आली. "फायली आहेत सगळ्या, एका फोल्डरमध्ये ठेवल्यात."

"तुला कोणी सांगितलं होतं? साहेबांनी?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोणी नाही. उजवीकडचं काही शोधायचं झालं की तुम्ही अख्खी मान वळवता. त्या डोळ्याने दिसत नाही ना तुम्हाला?"

अण्णांनी घरी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. एका डोळ्याच्या माणसाला नकाशाचं काम कोण देणार?

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी सगळं एका नजरेत मावत होतं. बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. हे बघून दुसऱ्या कोणालाही कळलं असतं.

"छान केलंस," ते म्हणाले. "आता होतं तसं करून ठेव."

"अहो, पण आत्ता कुठे तुम्हाला नीट..."

"साहेब यायच्या आत."

ती माउस हातात घेऊन एकेक आयकॉन उजवीकडे नेऊन सोडू लागली. अण्णा मान सरळ ठेवून बघत राहिले. आयकॉन निघालेले दिसत होते, पोचलेले दिसत नव्हते.