मोठ्या सुनेला विचारावं

“सासूले विचारशीन त ती मनीन, आमचं घर सोन्याचं. शेजारी त जळतच असतेत. विचारायचं त मोठ्या सुनेले,” अमरावतीच्या बसमध्ये अब्दुल सत्तार पुन्हा म्हणाले.

अरीबाला हसू आलं. “अब्बा, मी लग्न नाही करून राहिली. पीएच.डी. करून राहिली.”

“गाईड म्हणजे सासरच, बेटा. एकदा गेली का सहजी वापस येता येत नाही. नगमाच्या वेळी मी असंच विचारलं होतं. आज पाह्य, कशी राज करून राहिली.”

हे खरंच होतं. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान. कापूस चिमटीत धरून त्याची जात सांगणारा माणूस, पण मोठ्या मुलीचं सासर निवडताना त्यांनी स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवला नव्हता. त्या घरच्या थोरल्या सुनेशी बोलूनच होकार दिला होता.

अरीबाला पाच वर्षांची फेलोशिप मिळाली होती. ती एकदाच मिळते. गाईड चुकला तर सगळं पाण्यात. एक जागा हैदराबादला होती, नव्याच लागलेल्या एका मॅडमकडे. दुसरी अमरावतीला, एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात, डॉ. गावंडेंकडे. संत्र्याच्या झाडावरच्या डिंक्या रोगात त्यांचं मोठं नाव. हैदराबादला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

हैदराबादच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, “माझे दोनच विद्यार्थी आहेत. दोघांचे नंबर देते. कुणाशी काय बोललीस, ते मला सांगू नकोस.” अब्दुल सत्तारांना ते काही पटलं नव्हतं. गावंडे सरांचं बोलणं कसं मोकळंढाकळं! “आमच्या दीपमालाला भेट. सगळ्यात जुनी आहे ती.” आणि लगेच नंबर दिला.

दीपमाला त्यांना घ्यायला फाटकापर्यंत आली. पस्तिशीची असेल. सर मीटिंगसाठी नागपूरला गेले होते. तिनं प्रयोगशाळा दाखवली, खुर्च्या पुसून दिल्या, स्वतः चहा ठेवला.

“डॉक्टर मॅडम, तुमी काहून तकलीफ घेता?” अब्दुल सत्तार म्हणाले.

“दीपमालाच म्हणा हो, काका. मी बार्शीटाकळीची. तुमच्याकडचीच पोरगी.”

मग काय! बार्शीटाकळी म्हटल्यावर अब्दुल सत्तार खुलले. तिच्या वडिलांचा भाजीचा धंदा होता. कोणती गल्ली, कोणता बाजार, ओळखी निघाल्या. अरीबानं मध्येच विचारलं, “सर कसे आहेत, ताई?”

दीपमालाची नजर खिडकीबाहेर गेली.

“काय दिवस होते गं ते! पहाटेच जीप निघायची, मोझरीकडच्या बागांमध्ये. सर पुढं, आमी मागं, मांडीवर बाटल्यांचे खोके. दिवसभर झाडांच्या साली खरवडायच्या. बागवान पोटभर संत्री खाऊ घालायचा, हात संध्याकाळपर्यंत वास मारायचे. वापस येताना गुरुकुंज आश्रमात थांबायचं. प्रार्थना चालू असायची. सर डोळे मिटून बसायचे अन् आमी मागं झोपा काढायचो!” ती खळखळून हसली. “तसं हसणं पुन्हा नाही झालं बाप्पा.”

“रागावतात का?”

“कदीच नाही. आवाजसुद्धा चढवत नाहीत. अन् माया लय. त्यांच्या पोरीच्या लग्नात पंगती आमीच वाढल्या. आता नातवाले शाळेतून मीच आणते. घरच्यासारखं आहे सगळं.”

अब्दुल सत्तारांनी मान डोलावली. घरच्यासारखं. त्यांना एवढंच ऐकायचं होतं.

“अन् पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?” अरीबानं विचारलं.

“ते ज्याचं त्याच्यावर असते. सर घाई नाही करत.” दीपमालानं कप गोळा केले. “माझ्या आधी शुभमदादा होते. त्यायचं अडून बसलं होतं. मी आली अन् त्याच वर्षी ते डॉक्टर झाले! सगळे म्हणत, दीपमालाचा पायगुण.”

“माशाअल्लाह,” अब्दुल सत्तार म्हणाले.

अरीबाला ही बाई फार आवडली होती. अशी मोठी बहीण शेजारी असली, तर आणखी काय पाहिजे? दर आठवड्याला अकोल्याला जाता येईल, अम्मीच्या हातचं खाता येईल.

“ताई, खरं सांगा. येऊ मी?”

दीपमालानं तिचा हात धरला. तिचे डोळे एकदम भरून आले. “ये गं. मी वाटच पाहून राहिली तुझी.”

अरीबानं तिथंच मोबाईल काढला. हैदराबादला दोन ओळींचा नकार लिहिला, अब्बांना वाचून दाखवला आणि पाठवून दिला. अब्दुल सत्तारांनी सुटकेचा श्वास टाकला.

निघताना त्यांनी दीपमालाच्या डोक्यावर हात ठेवला. “खूश राह, बेटा. आमच्या पोरीले सांभाळ.”

ती पदरानं डोळे पुसत फाटकाशी उभी राहिली. बसस्टँडकडे जाताना रिक्षात अब्दुल सत्तार म्हणाले, “पाह्यलं? सासरची आठवण काढून जिच्या डोळ्यात पाणी येते, ते घर चांगलंच असते.”

रिक्षा दिसेनाशी झाली, तेव्हा दीपमालानं फोन लावला.

“सर, पोरगी येते म्हणाली. हैदराबादला नाही म्हणून कळवलंसुद्धा, माझ्यासमोर. आता तरी माझा थिसिस पुढं पाठवाल ना, सर? अकरावं वर्ष लागलं.”